आयटीआयचा दाखला हातात आला, पुढे काय?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी वक्ता नाही. माझा सगळा जन्म डोक्यावर हेल्मेट घालून वाकून काम करण्यात गेला, त्यामुळे माइकसमोर ताठ उभं राहायची सवय नाही. समितीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, "बाबा, मुलांना मार्गदर्शन करा." मार्गदर्शन हा शब्द मोठा आहे. मी वेल्डर आहे. वेल्डिंगचा ट्रेड पास झालेल्या पोराला पहिलं काम कसं मिळतं आणि ते काम पुढे कसं टिकतं, एवढंच मला ठाऊक आहे आणि तेवढंच सांगतो.

हा विषय घ्यायला एक कारण आहे. आपल्या या चार गल्ल्यांत वेल्डरचा ट्रेड केलेली माझ्या ओळखीची नऊ मुलं आहेत. त्यातली आज प्रत्यक्ष वेल्डिंग करतात फक्त तीन. दोघं मोटारसायकलवर पार्सलं पोहोचवतात, एक वॉचमन आहे, बाकीचे मिळेल ते करतात. कोणत्याही कामात कमीपणा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण या पोरांनी एक वर्ष बोटं भाजून घेतली, ठिणग्यांनी शर्टाला भोकं पाडून घेतली, ते सगळं कुठे गेलं? पोरं आळशी होती म्हणाल तर तसं नाही. दाखला मिळाल्यानंतरची पहिली दोन वर्षं चुकली. माझीही चुकली होती, म्हणून अधिकाराने बोलतो.

आधी हा ट्रेड काय आहे ते पालकांसाठी थोडक्यात सांगतो. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो आणि आठवी पास मुलालाही त्याला प्रवेश मिळतो. देशात ही कारागीर प्रशिक्षण योजना 1950 साली सुरू झाली. त्याच्याही आधी, 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि युद्धकाळात कारागीर तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्याच खात्याकडे होती. बाबासाहेबांचं वकिलीचं, अर्थशास्त्राचं काम आपण नेहमी सांगतो, लेथ आणि वेल्डिंग शिकवणारं हे खातं मात्र सांगायचं राहून जातं. असो.

एका वर्षात मुलगा गॅस वेल्डिंग शिकतो, आर्क वेल्डिंग शिकतो, आणि ज्याला आपण कारखान्यात 'सीओटू' आणि 'आरगॉन' म्हणतो त्याची तोंडओळख होते. तोंडओळखच म्हणतो मी. कारण एका मशीनवर पाच-सहा पोरं असतात, रॉड मोजून मिळतात, आणि आरगॉनचा सिलिंडर कधी भरलेला असतो, कधी नसतो. तिथून बाहेर पडलेला मुलगा सपाट प्लेट टेबलावर ठेवून बऱ्यापैकी जोडतो. त्याला वाटतं, मी वेल्डर झालो. आईला वाटतं, आता पगार सुरू. इथेच पहिला फाटा लागतो.

एक रस्ता अप्रेंटिसशिपचा. 1961 च्या कायद्याने कारखान्यांना शिकाऊ मुलं घ्यावी लागतात. 2019 च्या नियमांप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मुलं घेणं सक्तीचं आहे, आणि आयटीआय पास मुलाचं विद्यावेतन त्या नियमांत महिना किमान 7000 रुपये ठरलं. हा आकडा सरकार मधूनमधून बदलतं, म्हणून भरती होताना त्या वेळचा आकडा पाहावा. साधारण वर्षभर काम, शेवटी परीक्षा, आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. कारखान्याने नंतर नोकरी दिलीच पाहिजे असं मात्र कायदा म्हणत नाही, हेही आधीच समजून घ्या, नाहीतर वर्ष संपल्यावर गेटवर भांडायला जाल.

दुसरा रस्ता ठेकेदाराचा. तो पहिल्या महिन्यापासून जास्त देतो. रोख देतो. कधी दुप्पटही देतो.

मी 1980 साली आयटीआय पास झालो. एका कारखान्याचं अप्रेंटिसचं पत्र घरी आलं होतं. वडील सेंट्रिंगच्या कामावर जायचे, त्याच वर्षी पडून त्यांचा पाय मोडला. घरात आम्ही पाच भावंडं. एक ठेकेदार दारात येऊन म्हणाला, "पोराला पाठवा, उद्यापासून रोजी चालू." विद्यावेतनापेक्षा ती रोजी जास्त होती. मी ठेकेदाराकडे गेलो. ते पत्र आईने पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ठेवलं. मी वडिलांना दोष देत नाही, त्या वेळी घरात ज्वारी नव्हती.

पण ठेकेदाराकडे मी काय शिकलो? ग्रिल, गेट, शेडचे खांब. पाच वर्षं तेच. दिवसभर ग्राइंडर मारायचा, टॅक मारायचे, वस्तादाची केबल ओढायची. माझी ओळख 'वेल्डर' अशी करून द्यायचे, पण पाइप माझ्या हातात कधी दिला नाही. आणि 1985 साली काम संपल्यावर मी अनुभवाचा दाखला मागितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "कसला दाखला? तुझं नाव कुठं आहे रजिस्टरला?" पीएफ नाही, हजेरीपत्रक नाही, काही नाही. माझी पाच वर्षं कागदावर नव्हतीच.

म्हणून मातांना माझी हात जोडून विनंती आहे. मागे एका ताईंनी मला इथेच विचारलं होतं, "बाबा, पोरानं किती दिवस कमी पैशांत काढायचे?" ताई, एक वर्ष. ते एक वर्ष घराने पोराला दिलं पाहिजे. घर अगदीच अडचणीत असेल तर गोष्ट वेगळी, त्याचं काय करायचं ते आपण वस्तीने मिळून बघू. पण मोटारसायकलचा हप्ता भरायचा म्हणून अप्रेंटिसशिप सोडू नका.

कुठे करायची? 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवता येतं. आपल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आहेच. मुंबईत माझगाव डॉक जहाज बांधतं. तिथे आयटीआय झालेल्यांच्या जागा असतातच, शिवाय आठवी पास मुलांना थेट वेल्डर आणि रिगरच्या ट्रेडला घेतात. रेल्वेचे कारखाने आहेत. रेल्वेत दहावीचे आणि आयटीआयचे मार्क पाहून यादी लावतात, म्हणून "आयटीआयला काय मार्कांचं" असं म्हणणाऱ्या पोरांनी कान उघडे ठेवावेत. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केली की पुढे लेव्हल-1 च्या भरतीत अशा मुलांसाठी 20 टक्के जागा राखून ठेवतात. परीक्षा मात्र द्यावीच लागते.

केंद्राच्या अशा जागांसाठी अर्ज करताना आपल्या समाजाच्या मुलांचा एक कागद हमखास अडतो. 1990 साली संसदेने दुरुस्ती करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती दिल्या. पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात पाहिजे. राज्याच्या दाखल्यावर नुसतं बौद्ध लिहिलेलं असलं की तिथला कारकून कागद परत करतो. जाहिरात आल्यावर पळापळ करू नका, तो दाखला आज काढून ठेवा.

आता हाताची गोष्ट. माझा खरा विषय हा आहे.

चांगल्या कामाच्या गेटवर तुमचं सर्टिफिकेट फक्त आत जाण्यापुरतं बघतात. आत गेलं की टेस्ट. तुम्ही कुठल्या आयटीआयचे, कोणाचे कोण, तिथे कोणी विचारत नाही. त्या टेस्टमध्ये काय असतं ते ज्याला आधी माहीत असतं त्याची निम्मी भीती जाते, आणि हे आयटीआयमध्ये कोणी नीट सांगत नाही.

वेल्डिंगच्या पोझिशनना नंबर आहेत. प्लेट खाली सपाट ठेवली तर वन-जी. जोड आडवा भिंतीसारखा आला तर टू-जी. खालून वर चढत जायचं ते थ्री-जी. डोक्यावर प्लेट आणि रॉड वर करून मारायचा ते फोर-जी, त्यात तापलेले थेंब कॉलरमध्ये पडतात. पाइप आडवा बांधून न फिरवता भोवती जोडायचा ते फाइव्ह-जी. आणि पाइप 45 अंशांत तिरका बांधून, तोही न फिरवता जोडायचा, ते सिक्स-जी. सिक्स-जीमध्ये एकाच जोडात सगळ्या पोझिशनी येतात, म्हणून जो सिक्स-जीचा जोड पास करतो त्याला सगळ्या पोझिशनींना पात्र धरतात. बॉयलर, रिफायनरी, औषधाचे कारखाने, वीजकेंद्रं, सगळीकडे हीच टेस्ट. ग्रिलवाला आणि पाइपवाला यांच्यामधली भिंत ती हीच.

पाइपचे दोन तुकडे देतात. कडा तासलेल्या असतात. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून टॅक मारायचे. ती फट चारी बाजूंनी सारखी नसेल तर पुढचं सगळं फुकट. पहिला पास म्हणजे रूट, तो बहुतेक आरगॉनने. घड्याळासारखं बोलतो आम्ही, सहा वाजता म्हणजे पाइपच्या पोटाखाली सुरू करायचं आणि एका बाजूने बारा वाजेपर्यंत चढायचं, मग दुसऱ्या बाजूने. सहा वाजता धातू खाली लोंबतो आणि आतून खळगा पडतो. पोरं तिथेच नापास होतात. रूट झाला की आतून बोट फिरवून किंवा बॅटरी मारून पाहा, सारखी उठलेली कड दिसली पाहिजे. त्यावर 7018 च्या रॉडने भराई, प्रत्येक पासनंतर स्लॅग पूर्ण काढायचा, शेवटी कॅप.

या 7018 रॉडची एक गंमत आहे. गंमत कसली, पोरांचं नुकसान आहे. आयटीआयमध्ये बहुतेक 6013 वापरतात, तो रॉड पुडक्यातून काढून लावला तरी चालून जातं. 7018 ला दमट हवा चालत नाही. रॉडच्या लेपात ओल शिरली की जोडात हायड्रोजन जातो आणि लोखंड थंड झाल्यावर आतून चीर पडते. म्हणून तो रॉड ओव्हनमध्ये भाजून, गरम डब्यात ठेवून वापरतात. मी टेस्ट घ्यायला बसायचो तेव्हा एक चांगला हात असलेला मुलगा आला आणि टेबलावर उघड्या पडलेल्या पुडक्यातला रॉड होल्डरला लावला. ते पुडकं आम्हीच तिथे ठेवलेलं असायचं. आर्क पेटण्याआधीच तो नापास झाला. त्याला वाटलं, आपल्यावर अन्याय झाला. मी त्याला चहा पाजून समजावलं, सहा महिन्यांनी तो परत आला आणि पास झाला.

जोड झाल्यावर आधी डोळ्याने तपासतात, मग एक्स-रे काढतात, नाहीतर जोडातून पट्ट्या कापून त्या वाकवून दुहेरी करतात. वाकवलेल्या पट्टीवर 3 मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. वरून जोड कितीही देखणा असो, पट्टी आतलं सगळं सांगते.

मी स्वतः ही टेस्ट तीन वेळा नापास झालो. तिन्ही वेळा सहा वाजताच्या रूटला. पाच वर्षं ग्रिल मारलेला हात, त्याला फट समजतच नव्हती. मग एका साइटवर एक म्हातारे वस्ताद भेटले. जेवणाच्या सुट्टीत स्क्रॅपमधले पाइपचे तुकडे मला द्यायचे आणि स्वतः डबा खात बसायचे. बोलायचे काही नाहीत. चुकलं की फक्त चमच्याने डब्यावर टकटक करायचे. चार महिने मी जेवण पाच मिनिटांत उरकलं. 1986 साली चौथ्या वेळी पास झालो आणि बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तिथूनच 2019 साली निवृत्त झालो. पोरांनो, तुमच्या कामावर स्क्रॅप पडतं का बघा. पडत असेल तर सुट्टीचा अर्धा तास मागून घ्या. मालक बहुधा नाही म्हणत नाही.

पास झाल्यावरही सुटका नाही. अमेरिकेचा एएसएमई नावाचा कोड आपल्याकडे पाळतात, त्यात नियम आहे की ज्या पद्धतीने पास झालात ते वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर पात्रता संपते. म्हणून गावाला शेतीच्या कामाला जाऊन सात-आठ महिने राहिलात तर परत टेस्ट. आणि बॉयलरच्या कामाला बॉयलर संचालनालयाचा वेगळा दाखला लागतो, त्याला 'आयबीआर वेल्डर' म्हणतात. तोही मुदतीचा असतो.

पाइपच्या कामात मजुरी बहुतेक इंच-डायावर ठरते. सहा इंची पाइपचा एक जोड म्हणजे सहा इंच-डाया. पोरगा दिवसाला किती इंच मारतो आणि त्यातले एक्स-रेला किती परत येतात, यावर त्याचा भाव. परत आलेला जोड कापून पुन्हा मारावा लागतो आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. घाई करणारा आठवडाभर खूश असतो, पेमेंटच्या दिवशी रडतो. एक वही ठेवा, तारीख, साइट, पाइपचा साइज, जोडाचा नंबर. माझी अशी अकरा वह्या आहेत. पुढे परीक्षा घेणाऱ्यापुढे त्या ठेवल्या की वेगळं काही बोलावं लागत नाही.

आणि पीएफ. 2014 पासून यूएएन नंबर आला, ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहतो. मोबाइलवर दर महिन्याला पाहा, पैसे पडले का. ठेकेदाराने भरले नाहीत तर मूळ कारखान्याचीही जबाबदारी आहे, हे त्याला नम्रपणे सांगा. मला हे 1985 साली कोणी सांगितलं नव्हतं.

परदेशाबद्दल विचारलं जातं. आखातात पाइप वेल्डरला काम आहे, खोटं नाही. पण माझ्या धाकट्या भावाने 1994 साली एका एजंटला कर्ज काढून पैसे दिले, त्यात आईचं डोरलंही गेलं. इथे करार वेल्डरचा, तिथे उतरल्यावर हातात झाडू आणि हेल्परचा पगार. चौदा महिन्यांनी परत आला. आज नियम आहे की नोंदणी झालेलाच एजंट माणसं पाठवू शकतो आणि त्याने सेवा शुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घ्यायचं नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव तपासता येतं. आणि दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, आखातात कामाला जाण्याआधी सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती तुमच्याच रक्षणासाठी आहे, एजंट ती टाळून व्हिजिट व्हिसावर जा म्हणाला तर जाऊ नका. आठवीवर ट्रेड केलेल्यांनी दहावी बाहेरून का होईना करून टाका.

तब्येतीचं बोललो नाही तर आमच्या सौभाग्यवती घरी घेणार नाहीत. काळी काच न लावता "एकच टॅक आहे" म्हणून मारणारे मी रोज पाहिले. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचं, आम्हीही केलं. ते न करता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. आणि गूळ खाल्ला की धूर उतरतो असं साइटवर सांगतात. अहो, गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरला आहे. मास्क मागून घ्या, नाही मिळाला तर स्वतःचा घ्या. टाकीच्या आत आरगॉन मारायचा असेल तर बाहेर माणूस आणि आत हवा खेळवणारा पंखा असल्याशिवाय उतरू नका. आरगॉनला वास नाही, तो खाली साचतो आणि माणूस आवाज न करता पडतो. या बाबतीत फोरमनची भीड धरायची नाही.

मुलींनी करावं का, असं महिला मंडळातून चिठ्ठी आली आहे. करावं. आरगॉनच्या कामाला ताकदीपेक्षा स्थिर हात लागतो. मी शिकवलेल्यांत दोन मुली होत्या, दोघींचा रूट माझ्यापेक्षा सारखा यायचा. अडचण हात-पायांची नाही, साइटवर बाथरूम नसतं ही आहे. म्हणून सुरुवात कारखान्यातून करावी, उघड्या साइटवरून करू नये. पुढे ज्यांना शिकवण्याची आवड आहे त्यांच्यासाठी आयटीआयचा निदेशक होण्याचा एक वर्षाचा कोर्स आहे, मुलींनी तो जरूर पाहावा.

वेळ फार घेतला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं आहे.

दर शनिवारी संध्याकाळी वंदनेनंतर मी विहारात थांबतो. ज्यांचा दाखला घरात पडून आहे त्यांनी या. मार्कशीट, जातीचा दाखला, आधार, असतील ती कागदं आणा, मूळ प्रती नको, झेरॉक्स आणा. जुने पाइपचे तुकडे माझ्याकडे आहेत. मशीन नाही, पण फट कशी ठेवायची ते बिनमशीनचंही शिकवता येतं.

जय भीम.